पालथी कवडी

आमच्या आजीकडे खेळायच्या सहा कवड्या होत्या. खणाच्या तुकड्यात गुंडाळून, वर दोऱ्याचे दोन वेढे देऊन ती त्या फडताळात ठेवायची. श्रावणात पावसानं अंगण बंद केलं की ती पुरचुंडी सुटायची, कापडी पट पसरला जायचा, सोंगट्या आपापल्या घरात बसायच्या. ओंजळीत कवड्या खुळखुळवून आजी त्या सारवलेल्या जमिनीवर टाकायची आणि आम्ही पोरं वाकून मोजायचो. उताण्या किती, पालथ्या किती? उताणी म्हणजे दातेरी तोंड वर करून पडलेली, पालथी म्हणजे गुळगुळीत पाठ वर असलेली. दान मोजायचं ते उताण्यांचं. पालथीला आमच्या घरात मोल नव्हतं. माझ्या वाट्याला फार पालथ्या यायच्या. आजी म्हणायची, "तुझ्या हाताला कवड्या तोंडच दाखवत नाहीत गं."

देव्हाऱ्यात आणखी कवड्या होत्या, पण त्यांना हात लावायची मुभा नव्हती. ती पणजीची माळ, तुळजाभवानीची. मंगळवारी-शुक्रवारी ती गळ्यात घालून, हातात परडी घेऊन पणजी पाच घरी जोगवा मागायला जायची, असं आजी सांगे. आमचं गाव सोलापूरकडचं. समुद्र तिथून इतका लांब, की आजीनं तो उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, मुंबईला मरीन ड्राइव्हवर. आणि त्याही वेळी समुद्राकडे पाठ करून ती तारापोरवाला मत्स्यालयातल्या काचेपुढे जास्त वेळ उभी राहिली. पण कवड्या मात्र गावात जिथं तिथं. पोळ्याला बैलांच्या कपाळावर, लमाण बायकांच्या कशिद्यात, गोंधळ्याच्या गळ्यात.

बरीच वर्षं मला वाटायचं, कवडी ही एखाद्या झाडाची बी असणार. चिंचोका, गुंज, सागरगोटा यांच्याच डब्यात ती असायची, मग तिची जात वेगळी कशी असेल? पुढं कळलं ते गमतीचं होतं. सागरगोटा नावात सागर मिरवतो आणि काटेरी वेलीच्या शेंगेत पिकतो. कवडीच्या नावात समुद्राचा थेंबही नाही, आणि ती समुद्रातून येते. ती कुणाचं तरी घर असते हे शाळेत कळलं. पण त्या घरात कोण राहतं, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. मोत्याच्या शिंपल्याबद्दल विचारतात, शंखाबद्दलही एखादा विचारतो. कवडीबद्दल कुणी विचारत नाही, कारण ती आपल्याला पुरती माहीत असते.

तर त्या घरातल्याशी माझी पहिली भेट झाली ती साठी ओलांडल्यावर, पुण्यात, कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर.

पुण्यात समुद्र नाही. निनादनं तो पाकिटातून आणला. निनाद माझा भाचा, नोकरीसाठी माझ्याकडे राहायला आलेला. आला तेव्हा एक बॅग घेऊन आला. सहा महिन्यांनी हॉलमध्ये दोनशे लिटरची काचेची टाकी उभी होती. आरओच्या गाळलेल्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं खास मीठ कालवलं, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो. मी लोणच्यालाही एवढं मीठ घातलेलं नाही. मग पाण्याची घनता १.०२५, तापमान पंचवीस-सव्वीस अंश, उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला वेगळं यंत्र. तळाशी पांढरी वाळू, मध्ये भोकाभोकांचे दगड. आणि मासे कुठं? "मावशी, इतक्यात नाही. टाकी तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो." डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आधी त्या दगडांत वस्ती करतात, घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात, ती घडी बसली की मग मासे. मला ते लगेच पटलं. कैरी, मीठ, तेल एकत्र केलं म्हणजे लोणचं होत नाही; ते मुरावं लागतं. समुद्रही मुरावा लागतो, एवढंच मला नवीन होतं.

टाकी मुरली आणि शेवाळ आलं. आधी वाळूवर तपकिरी साय धरली, मग काचेवर हिरवा ओशट थर, मग दगडांवर केसांसारखे हिरवे झुबके. निनाद हताश झाला. मला मात्र त्या हिरव्याचं बरं वाटत होतं. विहिरीच्या पायरीवरचं, पावसाळी भिंतीवरचं, माहेरच्या न्हाणीतल्या फरशीवरचं शेवाळ माझ्या ओळखीचं होतं. जिथं पाणी आणि उजेड टिकतो तिथं ते न बोलावता येतं. काच खरवडून निनादचा खांदा दुखायला लागला, तेव्हा त्यानं जाहीर केलं, "आता गोगलगायी आणायला हव्यात."

क्रॉफर्ड मार्केटमध्ये मासे आणि पक्षी विकणाऱ्या दुकानांची एक गल्लीच आहे. तिथं एका अंधाऱ्या दुकानात निळ्या दिव्याखाली समुद्री गोगलगायींचं दालन होतं. दुकानदार एकेकीचे गुण-अवगुण सांगत होता, एखाद्या वधूवर सूचक मंडळातल्या काकूंसारखे. ही टर्बो, शेवाळ भराभर खाते, पण अंगानं दांडगी, वाटेतलं सगळं पाडत जाते. ही अ‍ॅस्ट्रिया, गुणी आहे, पण वाळूवर उताणी पडली की तिला पालथं होता येत नाही, तिथंच संपते. ही ट्रोकस, पडली तरी आपली आपण सावरते, कधी टाकीत पिल्लंही होतात. ही नेराइट, हिला पाण्याबाहेर फिरायची खोड. मी ऐकत होते आणि माझी नजर कोपऱ्यातल्या दगडाकडे गेली. दगडाला पिवळट, गाठाळ, जेमतेम अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान असं काहीतरी चिकटलं होतं.

"अहो, ही तर कवडी!"

"कवडीच आहे ताई," दुकानदार म्हणाला. "जिवंत आहे. शेवाळ खाते."

साडेतीनशे रुपये. मी पर्स उघडली. निनाद ट्रोकस म्हणत होता, पण पैसे माझे होते.

परतताना डेक्कन क्वीनमध्ये ती पाण्याची पिशवी माझ्या मांडीवर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कारण प्रवासात अंधार बरा. कर्जत सोडून गाडी घाट चढायला लागली आणि माझ्या मनात आलं, कवडीला घाट नवा नाही. आगगाडी यायच्या कितीतरी आधी, लमाणांच्या बैलांवर लादलेल्या गोण्यांतून तिच्या कितीतरी पूर्वजा अशाच देशावर आल्या असतील. फक्त त्या मेलेल्या होत्या.

मेल्याशिवाय कवडी चालत नसे, म्हणजे बाजारात चालत नसे. या जातीच्या कवड्या हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या उथळ, उबदार पाण्यात राहतात, पण नाणं म्हणून जगाला पुरल्या त्या मुख्यतः मालदीवच्या. अल्बेरुनी या विद्वानानं अकराव्या शतकात त्या बाजूच्या काही बेटांना कवड्यांची बेटंच म्हटलं आहे. प्रवासी इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोहोचला, काझी झाला, आणि त्यानं लिहून ठेवलं की बेटावरचे लोक समुद्रातून हे प्राणी काढतात, किनाऱ्यावरच्या खड्ड्यात टाकतात, आतलं मांस कुजून जातं आणि पांढरं कवच उरतं. त्या कवड्या बंगालमध्ये जात आणि बदल्यात तांदूळ येई. त्याच्याही आधीच्या अरबी लेखनात कवड्या पकडायची एक युक्ती सांगितली आहे. नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडायच्या; कवड्या त्यांच्यावर चढून बसतात; मग झावळ्या ओढून वाळूवर टाकायच्या आणि ऊन काय ते करतं. मी पिशवीकडे पाहिलं. झावळीवर चढणारीला कुठं ठाऊक, की ती बाजाराच्या वाटेवर चढते आहे.

आपल्याकडं तर गणितच कवडीपासून सुरू होई. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली. तिच्या आरंभीच्या कोष्टकात वीस वराटक म्हणजे एक काकिणी, चार काकिणी म्हणजे एक पण, सोळा पण म्हणजे एक द्रम्म. वराटक म्हणजे आपली कवडी. म्हणजे ऐंशी कवड्यांचा पण. पुढं सव्वासहाशे वर्षांनी रॉबर्ट लिंडसे नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सिल्हेटला गेला, तर तिथला सारा महसूल कवड्यांत गोळा होत होता. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन, चार काहनांचा रुपया. पण पुन्हा ऐंशीचाच! मधल्या काळात राज्यं आली नि गेली, भाषा बदलल्या, पण पणाच्या ऐंशी कवड्या जागच्या हलल्या नाहीत. रुपयाला पाच हजार एकशे वीस कवड्या. एक कवडी ग्रॅमभर धरली तरी एका रुपयाचं ओझं पाच किलो. आणि सिल्हेटचा महसूल होता अडीच लाख रुपये. तो ढाक्याला न्यायला नावांचा तांडा लागे.

मी डब्यात बसून मनातल्या मनात हिशेब केला. त्या भावानं माझ्या साडेतीनशे रुपयांच्या झाल्या सतरा लाख ब्याण्णव हजार कवड्या. एवढ्या मेलेल्या कवड्या मोजून मी एक जिवंत घेऊन निघाले होते.

या हिशेबाला एक काळी बाजू आहे. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि सिंहलद्वीपातून डच आणि इंग्रज जहाजांच्या तळात, जहाज स्थिर ठेवणारं वजन म्हणून जात, अ‍ॅमस्टरडॅम-लंडनच्या बाजारात विकल्या जात, तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरत, आणि तिथं त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जात. ओंजळ-ओंजळ कवड्या टाकून माणूस. आजीच्या ओंजळीतला तो खुळखुळ मला त्यानंतर पूर्वीसारखा ऐकू आलेला नाही. आज घानाच्या चलनाचं नाव 'सेडी' आहे. १९६५ मध्ये स्वतंत्र देशानं ते नाव घेतलं, आणि त्या शब्दाचा अर्थ कवडीच. ज्याच्या बदल्यात विकले गेलो त्याचंच नाव आपल्या नाण्याला द्यायचं, याला केवढी छाती लागत असेल.

आमच्या मराठीनं मात्र कवडीला फार खाली बसवलं. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडीही देणार नाही. एका दह्यानं तेवढी तिची अब्रू राखली. घट्ट लागलेल्या दह्याची कवडी पडते म्हणतात, तेव्हा तोंडाला पाणी सुटतं. आणि देवीनं राखली. कारण बाजारात फुटकी कवडी चालत नसे, पण माळेत ओवायची तर कवडीची पाठ फोडावीच लागते. म्हणजे पणजीच्या गळ्यातली प्रत्येक कवडी फुटकी होती. व्यवहारातून बाद झाल्यावरच ती भवानीची झाली.

घरी पोहोचायला रात्र झाली. पण कवडी लगेच टाकीत टाकायची नसते, असं निनाद म्हणाला. दुकानातलं पाणी वेगळं, आपलं वेगळं. क्षाराचा अचानक फरक या जिवांना सोसत नाही. त्यानं कवडी एका भांड्यात ठेवली आणि टाकीतलं पाणी बारीक नळीतून थेंबाथेंबानं त्या भांड्यात सोडलं. मी हात धुऊन आले आणि पाहतच राहिले. शंकराच्या पिंडीवर गळती बांधतात, अगदी तसं. संस्कृतात कवडीला कपर्द म्हणतात आणि शंकराला कपर्दी, कारण त्याच्या जटेचा वळसा कवडीसारखा. तास-दीड तास तो अभिषेक चालला. मग निनादनं ती अलगद उचलून दगडावर ठेवली. आणि आम्ही वाट पाहिली. काही झालं नाही. कवडी कवडीसारखी बसून राहिली.

"ही रात्री हिंडते," निनाद म्हणाला, आणि झोपायला गेला.

मला झोप नव्हती. अकराच्या पुढं केव्हातरी मी विजेरीवर लाल कागद गुंडाळून टाकीपाशी खुर्ची ओढली. कवडी जागेवर नव्हती. शोधता शोधता दिसली ती काचेवर, माझ्या नाकासमोर. पण कवडी कुठं होती? काळसर-पिवळट, बारीक रेघारेघांचा, कडेला केसांसारखे तंतू असलेला एक मऊ जीव काचेवरून सरकत होता. दोन इवल्या शिंगांखाली दोन काळे ठिपके. ते डोळे. तिच्या रुंद पावलापुढं बारीकसं तोंड उघडमीट करत होतं. त्या तोंडात कानशीसारखी दातेरी पट्टी असते, तिनं ती शेवाळ खरवडते. मागं काचेवर नांगरलेल्या सऱ्यांसारखी वाट उमटत होती. फळ्यावरून एकदाच डस्टर फिरवावा तशी.

मी काचेवर बोट टेकवलं. तो मऊ जीव दचकला, आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दोन्ही बाजूंनी वर चढलेली ती रेघारेघांची शाल मधोमध फाटली आणि हळूहळू दोहीकडे खाली उतरू लागली. आतून पिवळसर पांढरी, ओली, लखलखीत पाठ उघडी झाली. आजीची कवडी. फडताळातली. आयुष्यभर जिला ओळखत होते ती मला पहिल्यांदा भेटली.

त्या शालीला शास्त्रात प्रावार म्हणतात. इतर बहुतेक शंख-शिंपल्यांचं कवच बाहेर उघडं राहतं, त्यावर शेवाळ चढतं, बारके जीव चुन्याची घरं करतात, ते खरबरीत होतं. कवडी मात्र आपलं कवच आपल्याच कातडीखाली पांघरून ठेवते. प्रावाराचे दोन पदर दोन्ही अंगांनी वर येतात आणि पाठीवर मिळतात. काही जातींच्या पाठीवर ही सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. तो प्रावारच कवचावर नवनवे चुन्याचे थर चढवतो, पुसतो, गुळगुळीत राखतो. कोवळी कवडी साध्या गोगलगायीसारखी पातळ नि उघड्या तोंडाची असते. वयात आली की ओठ आत वळतो, दात येतात, आणि मग ती आकारानं वाढत नाही, फक्त जाड होत जाते. उरलेलं आयुष्य ती एकाच घराला आतून-बाहेरून सारवत राहते.

ही झिलई पाहूनच म्हणे युरोपात चिनी मातीच्या भांड्यांना पोर्सेलिन नाव पडलं. इटालियन भाषेत 'पोर्चेलाना' म्हणजे आधी कवडी. म्हणजे आपण काचेच्या कपाटात जी ठेवणीतली कपबशी ठेवतो, ती या जिवाच्या पाठीची उपमा आहे. आणि लिनियसनं १७५८ मध्ये नाव ठेवलं 'सिप्रिया मोनेटा', आता तिला 'मोनेटारिया मोनेटा' म्हणतात. सिप्रिया ही सायप्रसची प्रेमदेवता. मोनेटा हे जूनो देवीचं नाव, जिच्या रोममधल्या देवळापाशी टांकसाळ होती, आणि त्यावरून पुढं पैशालाच ते नाव लागलं. स्वीडनच्या त्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तुळजापूर ठाऊक असणं शक्य नाही. तरी नावात दोन देवी येऊन बसल्याच.

आजीच्या कवड्याही चमकायच्या. त्यांना प्रावार नव्हता, पण आमचे हात होते. श्रावण-श्रावण त्या ओंजळींतून फिरल्या, घामानं, तेलाच्या बोटांनी घासल्या गेल्या. आजी गेल्यावर पुरचुंडी सुटली नाही. मध्यंतरी मी ती उघडली तर कवड्या मळकट, पिवळ्या पडलेल्या. कवडी स्पर्शानं चमकते, आपल्या नाही तर तिच्या स्वतःच्या.

दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी येऊन विचारू लागले, "टाकीला चांगली का हो ही?" निनाद उत्तर देई, आणि मीही हळूहळू द्यायला शिकले. हो, चांगली. सहसा दोन-तीन सेंटिमीटरच्या वर जात नाही. कुणाशी भांडत नाही. काचेवरची साय आणि दगडावरचं कोवळं शेवाळ खाते. आपल्या टाकीचं तापमान तिच्या समुद्राएवढंच असतं. फक्त टाकी मुरलेली हवी. कोऱ्या टाकीत ती जगत नाही. पोवळ्याचे सुटे तुकडे दगडावर नीट चिकटवलेले हवेत, नाहीतर रात्री ढकलून पाडते. उपाशी ठेवली तर मऊ पोवळ्यांनाही तोंड लावू शकते. खेकडे नि फुग्या मासे सोबत नकोत. आणि वाघकवडी नको, ती ठिपक्यांची, देखणी, मोठी. दुकानात लहान असताना मोहात पाडते, पण मुठीएवढी होते आणि टाकीत दंगा करते.

आणि तांबं नको. हे मला फार उशिरा कळलं असतं. टाकीतलं पाणी हळूहळू उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालावं लागतं. एका सकाळी निनाद आंघोळीला गेला होता. पाणी दोन बोटं खाली दिसलं. मी देवघरातल्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी घेऊन आले. झाकण उचललं एवढ्यात तो ओल्या अंगानं ओरडत बाहेर आला. तांब्याचा अंश माशांच्या रोगावर औषध असतो. गोगलगायींना, कवड्यांना, पोवळ्यांना तो विष. आमच्या घरात तांब्यातलं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध. भांड्याचं नावच त्या धातूवरून पडलेलं. मी तो तांब्या तुळशीत ओतला आणि बराच वेळ काही बोलले नाही. जे आपण सूर्याला अर्घ्य म्हणून देतो ते दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतू शकतं, ही गोष्ट साठीनंतर समजायला जरा अवघड जाते.

दोन महिन्यांत काच आरशासारखी झाली. दगडांवरचे झुबके गेले, वाळू पांढरी झाली. निनाद खूश. येणारे-जाणारे म्हणत, "काय स्वच्छ ठेवलीय हो टाकी!" मीही खूश होते. मग एका रात्री विजेरी लावली तर कवडी खालच्या कोपऱ्यात, दगडाच्या बुडाशी, आक्रसून बसलेली. शाल पांघरलेली नाही. पाठीवर मंद, दुधी धूसरपणा, आणि एका कडेला हिरवट ठिपका. त्या ठिपक्यानं माझ्या पोटात गोळा आला. जी सगळ्या टाकीचं शेवाळ पुसते तिच्या पाठीवर शेवाळ धरलं होतं.

निनादनं पाणी तपासलं. क्षार बरोबर, तापमान बरोबर, सगळे आकडे जागच्या जागी. मग तो काचेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, हिला खायला काहीच उरलं नाही."

आपल्याला स्वच्छ काच हवी होती, तिला हिरवी. आम्ही तिला कामाला लावलं, तिनं काम चोख केलं, आणि काम संपलं म्हणजे तिचं ताट संपलं. एखाद्या नोकराची नोकरी त्याच्या हुशारीनंच जावी, तसं. मला उगीचच त्या झावळ्या आठवल्या. आणि निनादनं कधीतरी सांगितलेलं: कवडीची मादी अंड्यांवर बसून राहते, पण अंड्यांतून निघालेली पिल्लं पाण्यावर कित्येक दिवस तरंगत वाढतात, आणि टाकीच्या पंपात-गाळणीत ती टिकत नाहीत. म्हणजे दुकानातली प्रत्येक कवडी कुठल्यातरी उथळ समुद्रातून उचललेली असते. ती टाकीला चांगली का, हे आम्ही सगळे विचारत होतो. टाकी तिला चांगली का, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री निनादनं खाण्याच्या वाळक्या समुद्री पाल्याचा तुकडा चिमट्यात धरून तिच्याजवळ ठेवला. दोन दिवस तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या रात्री त्याची कड कुरतडलेली दिसली. पण उसन्या जेवणावर माझा विश्वास नाही. मी गॅलरीत, दुपारचं ऊन येतं तिथं, प्लास्टिकचा टब ठेवला. त्यात टाकीतून काढलेलं जुनं खारं पाणी, तळाशी चार भोकाचे दगड. सगळ्या सोसायटीत बायका कुंड्यांत मोगरा नि कढीपत्ता लावतात. मी शेवाळ लावलं. आठवड्यात दगडांवर हिरवी लव आली, पंधरवड्यात ती पोपटी मखमल झाली. मग एक दगड टाकीत, एक टबात, अशी पाळी लावली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, टब घासत का नाही तुम्ही?" मी म्हटलं, "पीक आहे ते."

निनादचा विरस झाला असेल. टाकीत आता कायम एक हिरवा दगड असतो, काचेची एक बाजू मी खरवडू देत नाही, आणि पाहुणे पूर्वीसारखं कौतुक करत नाहीत. पण तीन आठवड्यांनी एका रात्री विजेरी लावली तर तो हिरवा ठिपका गेलेला होता, आणि शाल पुन्हा पाठीवर आलेली होती, नीट सांधून, सणासुदीला बाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेते तशी.

परवा पहाटेची गोष्ट. दूध तापवायला उठले आणि सवयीनं टाकीत डोकावले. काचेवर कवडी नाही, दगडावर नाही. खाली पाहिलं. पांढऱ्या वाळूवर, मधोमध, ती पडली होती. काचेवरून सुटून पडली असावी. उताणी. दातेरी फट वर, आणि त्या फटीतून तिचं पाऊल बाहेर येऊन हवं ते शोधत होतं, ज्याला धरून वळता येईल असं काहीतरी. वाळूत तसं काही नव्हतं. इतकी वर्षं ज्या तोंडाची मी वाट पाहिली होती, ते वर होतं. जमिनीवर असती तर आम्ही पोरं ओरडलो असतो.

मी बाही वर सारली, हात कोपरापर्यंत त्या पाकिटातल्या समुद्रात घातला आणि दोन बोटांनी तिला पालथी केली. क्षणभर ती माझ्या बोटाला चिकटून राहिली. मग सुटली, आणि हिरव्या दगडाकडे निघाली.

आजी असती तर म्हणाली असती, "आलेलं दान घालवलंस."